एरिजेरॉनमधला म्हातारा

चाळीसगावच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय, आल्प्समधल्या 'एरिजेरॉन युनिफ्लोरस' या वीतभरही न वाढणाऱ्या रानफुलाला 'पहाडी डेझी' म्हटलं तर चालेल का? आणि 'एरिजेरॉन' हा शब्द संस्कृत 'जरा' म्हणजे म्हातारपण, त्यावरून आला, हे खरं का?

डेझी नको, बाई. ट्रेकवरून परतणारे आपल्या सोनकीलाही 'यलो डेझी' म्हणायला लागलेत, तिथंच माझं डोकं फिरतं. युनिफ्लोरस म्हणजे एका दांड्याला एकच फूल, ते सोडा. गंमत पहिल्या शब्दात आहे. ग्रीक 'एरी' म्हणजे लवकर, 'गेरोन' म्हणजे म्हातारा. फूल सरतं न सरतं तोच बियांवर पांढरी लव, अकाली पिकलेलं डोकं!

जुना रोमन लेखक प्लिनी म्हणतो, 'वसंतात पांढरं होतं म्हणून हे नाव', आणि बरेच जण तीच री ओढतात. पण तो बोलतोय त्या झाडाबद्दल, ज्याला रोमन 'सेनेसिओ' म्हणत. ते युरोपात जवळपास बारमाही फुलतं, मग वसंताचं काय कौतुक? मला 'लवकर'च पटतं. सेनेसिओसुद्धा लॅटिन 'सेनेक्स'वरून, म्हणजे पुन्हा म्हातारा. आणि आपली सोनकी याच सेनेसिओ प्रजातीतली! वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या 1753च्या ग्रंथात मात्र एरिजेरॉन आणि सेनेसिओ वेगळे आहेत.

'जरा'चं म्हणाल तर 'गेरोन' आणि संस्कृत 'जरत्' (म्हातारा) हे भाऊ आहेत, बापलेक नव्हेत. तसेच 'सेनेक्स' आणि 'सनातन'मधला 'सन', म्हणजे जुना. सगळं संस्कृतातूनच निघालं म्हणणाऱ्यांना भाऊबंदकी का कळत नाही, देव जाणे.

आपल्याकडे रुईचं बोंड उकललं की पोरं उडत्या कापसाला 'म्हातारी' म्हणत मागे धावतात. ग्रीकांना अशाच लवेत आजोबा दिसले. एरिजेरॉनसारख्या फुलांच्या बियांवरच्या लवेला वनस्पतिशास्त्रात 'पॅपस' म्हणतात, ग्रीकमध्ये तो म्हणजे आजोबाच. म्हातारा आला 'महत्तर'वरून, गावातला मोठा माणूस, म्हात्रेही तिथलेच. पण अहिराणीतली 'डोकरी', म्हणजे म्हातारी? ती पिकलेल्या डोक्यावरून आली, हा माझा लाडका तर्क. कोश दुसरीकडे बोट दाखवतात, दाखवोत. बांधावरची वाळलेली एकदांडी खुडा, बोंडावर फुंकर मारा. करड्या केसांच्या चिमुकल्या डोकऱ्या उडतील, मग सांगा कोण बरोबर.

हां, तुमचं फूल. एरिजेरॉनच लिहा.