भावाला स्किझोफ्रेनिया आहे, पण घरचे ‘बाहेरचं’ म्हणून गाणगापूरला न्यायचं म्हणतात. अडवू का?

गाणगापूरला जाऊ द्या. गोळ्या बंद करू देऊ नका. माझ्या काकांना हाच आजार आहे, म्हणून जरा ठामपणे सांगतो.

दोन्ही एकत्र चालतं. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. दुआ मुजावरांची, औषध मानसोपचारतज्ज्ञांचं, एकाच आवारात.

आजार कुणालाही होतो, पण त्यात रुग्णाला जे आवाज ऐकू येतात, ते बोलतात आपल्याच घरातलं. तान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिका, घाना आणि चेन्नईतल्या प्रत्येकी २० रुग्णांना विचारलं. अमेरिकेतल्यांना मारझोडीचे, युद्धाचे आवाज. घानातल्या अनेकांना देवाचा. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाईक कामं सांगताना, रागावताना ऐकू यायचे. काकांशी कुलदेवी बोलायची. आमच्याकडे नवरात्रात आत्याच्या अंगात येतं, त्यामुळे सुरुवातीला कुणाला त्यात वावगं वाटलंच नाही. पण आत्याचं वारं आरतीला येतं, आरती संपली की जातं, आणि ती पुन्हा पोळ्या लाटायला बसते. काका रात्ररात्र जागे, अंघोळ नाही, ताटात विष घातलंय म्हणून जेवण नाही. फरक इथे बघायचा.

‘बाहेरचं’ म्हणण्यात एक बरं असतं, आजारी माणसाला कुणी आळशी, ढोंगी म्हणत नाही. पण ‘करणी’ म्हटलं की ती करणारा शोधावा लागतो. आमच्या देवऋषीने चुलत काकूकडे बोट दाखवलं. दोन्ही घरांचं जाणं-येणं अजून बंद आहे. मला विचाराल तर अंगाऱ्यापेक्षा हे जास्त घातक. कुणी नाव घ्यायला लागला की उठून चालू लागा. करणी केल्याचा आळ घेणं, भूत उतरवायला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. साखळीने बांधायला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने देशभर बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडातली २८ माणसं गेली.

निघण्याआधी डॉक्टरांना प्रवासाचं सांगा, गोळ्या जास्तीच्या घ्या. अडलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते आईला सोबत नेऊन डॉक्टरांनाच विचारा. आमच्या आजीने आमचं कधी ऐकलं नाही, डॉक्टरांचं मात्र लगेच ऐकलं.