भिंतीवरचे चौदा नियम आणि इतर प्रश्न
वाचकांचे प्रश्न : बालवाडी

शाळा उघडून दोन आठवडे झाले की या सदराची टपाल एकाच सुराची होते: मुलं ऐकत नाहीत. सोलापूर शहरातून आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या एका बालवाडीत मी मोठ्या गटाला शिकवते. वर्गात ३२ मुलं आहेत. भिंतीवर १४ नियमांचा तक्ता आहे. रोज प्रार्थनेनंतर मुलं तो खड्या आवाजात म्हणतात आणि पाच मिनिटांत पळापळ सुरू होते. माझं कुठं चुकतंय?

उत्तर : बाई, मुलांनी तक्ता पाठ केलाय, तेवढंच झालंय. ‘वर्गात पळू नये’ हे साडेचार वर्षांचं मूल पाढ्यासारखं म्हणतं, पण पाय उचलताना त्याला ते आठवत नाही. शिवाय पळायचं नाही तर करायचं काय, हे त्या वाक्यात कुठंच नाही.

तक्ता उतरवा आणि चारच नियम ठेवा. वर्गात चालायचं. हातपाय आपल्यापाशी ठेवायचे. घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची. एक जण बोलतो तेव्हा बाकीच्यांनी ऐकायचं. तुमच्या यादीतले नखं कापणं, रुमाल आणणं, वेळेवर येणं हे मुलांचे नियमच नव्हेत. ते पालकांच्या पत्रकात घाला.

खरी मेहनत दिनक्रमावर करायची. सकाळी वर्गात येणं हे एक काम वाटतं, पण मुलाच्या दृष्टीनं ती पाच कामं आहेत: चपला काढून जोड लावणं, बाटली क्रेटमध्ये ठेवणं, डबा टोपलीत ठेवणं, दप्तर खुंटीला अडकवणं, सतरंजीवर बसणं. आधी तुम्ही स्वतः ती एकेक करून दाखवा, अवाक्षर न बोलता. मग तेच बोलत करा. मग दोन मुलांना करू द्या. त्यानंतर मुद्दाम चुका: दप्तर वाटेतच टाका आणि ‘काय राहिलं?’ विचारा. मुलं खूश होऊन ओरडतील. चुकून दाखवायचं काम मात्र तुमचंच. मुलाकडून चूक करवून घेतली की त्याला तीच लक्षात राहते. शेवटी सहा-सहाच्या गटानं सगळ्यांना करू द्या. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागतात.

जागा डोळ्यांना दिसली पाहिजे. चपलांच्या जोडाची बाह्यरेषा फरशीवर ऑइलपेंटनं काढा. प्रत्येक मुलाला एक चित्र द्या, आणि खुंटी, क्रेटमधला कप्पा आणि सतरंजीवरची जागा या तिन्ही ठिकाणी तेच चित्र चिकटवा. नाव किंवा हजेरी क्रमांक लिहून उपयोग नाही, वाचता कुणाला येतंय! चित्रं एकमेकांपासून लांबची निवडा. गाय आणि म्हैस एकाच वर्गात ठेवलीत तर रोज भांडण.

पहिले तीन दिवस फक्त ‘येणं’ आणि ‘शू-शीला जाणं’ घ्या. मग दोन दिवस डबा, दोन दिवस खेळ आवरणं, दोन दिवस घरी जायची तयारी. घडी मोडण्याची नेहमीची कारणं दोन. चौथ्या-पाचव्या दिवशी जमलं म्हणून सराव थांबतो, आणि रविवारनंतर सगळं पाण्यात. म्हणून निदान चार सोमवार पुन्हा करून दाखवायचं. दुसरं कारण मदतनीस मावशी. ‘राहू दे रे, मी लावते’ असं त्या मायेनंच म्हणतात, पण त्या एका वाक्यात तुमचा आठवडा वाया जातो. पाचही पायऱ्या त्यांना आधी सांगून ठेवा.

प्रश्न : आमची बालवाडी यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. खडखडाटात घंटाही ऐकू जात नाही. मुलांना गप्प करायला ओरडावं लागतं, दुपारपर्यंत घसा बसतो. (एक शिक्षिका, पूर्व भाग)

उत्तर : माग चालू असताना कानावर भिस्त ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. रंगीत फडकं बांधलेली काठी वर धरायची, किंवा ट्यूबलाइट एकदा बंद-चालू करायची. खूण दिसली की तीन गोष्टी: हातातलं खाली, हात वर, तोंड बंद. वर हात केलेलं मूल शेजाऱ्याला दिसतं आणि खूण आपोआप पसरते. जवळच्या पाच मुलांचे हात वर गेले की बाकीच्यांना दहा-बारा सेकंद पुरतात.

ही खूण मुलं खेळात रमलेली असताना शिकवू नका. आधी रिकाम्या वेळी, खेळासारखी, दिवसातून चार-पाचदा घ्या. आणि खूण दाखवून झाल्यावर मुलं शांत होण्याआधी बोलायला लागू नका. तुम्ही गोंगाटातच सूचना दिलीत की गोंगाट चालतो हे मुलांना कळतं. दर दोन मिनिटांनी काठी उचललीत तरी ती निकामी होते. काठीमागे काही तरी सांगण्यासारखं हवं.

खेळ थांबवायच्या आधी पूर्वसूचना द्या. ‘पाच मिनिटं उरली’ हे या वयात कळत नाही, ‘अजून दोन ठोकळे लावा, मग आवरायचं’ हे कळतं.

प्रश्न : डब्याआधी हात धुताना रोज ढकलाढकली, चिखल, रडारड. नळ दोन, मुलं २८. त्यात पाणी रोज येत नाही, पिंपातलंच जपून वापरावं लागतं. (अंगणवाडी सेविका)

उत्तर : ताई, हिशेब करून पाहा. नळापाशीच हात ओले करणं, साबण, चोळणं आणि धुणं असं सगळं करायला मुलाला पाऊण मिनिट लागतं. एका नळाला १४ मुलं म्हणजे साडेदहा मिनिटं. भुकेलं मूल इतका वेळ रांगेत उभं राहत नाही. ते ढकलतं, आणि आपण त्याला दांडगट म्हणतो. दोष रांगेचा आहे.

म्हणून साबणाचं काम नळापासून तोडा. मुलं सतरंजीवर गोलात बसलेली असतानाच मावशींनी चार-चारच्या गटाच्या हातावर मगातून ओंजळभर पाणी घालायचं आणि साबण फिरवायचा. गटानं मिळून तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या फटी, अंगठे, नखं या क्रमानं वीस सेकंद चोळायचं. चोळताना एखादं बडबडगीत दोनदा म्हटलं की वेळ बरोबर भरतो, फक्त आधी एकदा घड्याळ लावून बघा. मग त्या चौघांनी नळावर फक्त धुवायला जायचं. प्रत्येकी पंधरा सेकंद धरले तरी साडेतीन मिनिटांत वर्ग मोकळा. पहिल्या गटाला साबण लावून झाला की तो नळाकडे सोडा, तोवर मावशी दुसऱ्या गटाला लावतील. २८ जणांना एकदम लावलात तर शेवटच्या गटाचे हात वाळतात, साबण डोळ्यांत जातो.

तोट्या लहान मुलांच्या हाताला येत नसतील तर खाली तोटी असलेलं पिंप दोन विटांवर ठेवा. तोटी मावशींनी धरायची. मुलांच्या हातात दिली की पाणी संपलंच. साबणाची वडी नायलॉनच्या जाळीत घालून बांधा, घसरून पडत नाही. नळासमोर फरशीवर पावलांचे चार जोड रंगवा, दोन धुणाऱ्यांचे आणि दोन थांबलेल्यांचे. पाचवा जोड नकोच.

प्रश्न : माझ्या अंगणवाडीत निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. ‘रांग करा’ म्हटलं की नुसती बघत राहतात. बाकीची मराठी मुलं त्यांना हसतात.

उत्तर : ही मुलं अवज्ञा करत नाहीयेत, त्यांना शब्द लागत नाहीये. दिवसभरात लागणाऱ्या सूचना मोजून आठ-दहाच असतात. प्रत्येकीला एक हावभाव ठरवा आणि शब्द बदलू नका. आज ‘रांग करा’, उद्या ‘ओळीत या’, परवा ‘एकामागे एक उभे राहा’ असं झालं की मराठी मुलंही गोंधळतात. दिनक्रमाची सहा-सात चित्रकार्डं दोरीवर क्रमानं लावा आणि एक काम संपलं की त्याचं कार्ड उलटं करा.

त्याबरोबर मुलांच्या घरचे चार शब्द तुम्हीच शिका: पाण्याला तेलुगूत ‘नीळ्ळु’, कन्नडमध्ये ‘नीरु’, बसायला सांगताना तेलुगूत ‘कूर्चो’. आधी घरचा शब्द, लगेच मराठी, सोबत हावभाव. उच्चार मुलाच्या आईलाच विचारा, घरोघरी थोडा फरक असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लहान वयात शक्य तिथं घरच्या भाषेचा आधार घ्यायला सांगितलंय, तेव्हा कुणी हरकत घेतली तर बिचकू नका. हसणाऱ्या मुलांना ‘नीळ्ळु’ म्हणायला शिकवा, हसू आपोआप थांबतं.

प्रश्न : माझा नातू छोट्या गटात आहे. ‘शहाण्या मुलाला’ रोज तारा मिळतो. याला आठवडाभर मिळाला नाही, आता शाळेत जायचंच नाही म्हणतो. (एक आजी, होटगी रोड)

उत्तर : आजी, साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘शहाणा’ म्हणजे काय करायचं ते कळत नाही. सकाळी जागेवरून उठून पळाल्याबद्दल दुपारी तारा हुकला, तर दोन्हींचा संबंधही त्याला लागत नाही. रोज त्याच चार-पाच मुलांना तारे मिळतात आणि बाकीची तक्त्याकडे बघणंच सोडतात. बाईंना भांडायला जाऊ नका, एवढंच विचारा: ‘याच्याकडून एक कोणती गोष्ट हवी आहे?’ बहुतेक उत्तर ‘जागेवर बसत नाही’ असंच येईल. मग सलग किती वेळ बसवतात, तेही हळूच विचारा. या वयाला दहा मिनिटं बरी, पाऊण तास कुणाचाच बसून निघत नाही.

फाटकापाशी ‘आज तारा मिळाला का?’ हा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी बंद करा. घरी आल्यावर चपला, बाटली, डबा हा क्रम रोज सारखा ठेवा आणि जमल्यावर नुसतं ‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा जे केलं ते बोला: ‘बाटली ओट्यावर ठेवलीस.’

प्रश्न : दरवर्षी संक्रांतीच्या सुट्टीत मुलं गड्ड्याच्या जत्रेत हिंडून येतात आणि सगळी शिस्त विसरतात. पुन्हा जूनपासून सुरुवात करायची का?

उत्तर : एवढी गरज नाही. पहिल्या दिवशी शिकवायचं काही ठेवू नका. येणं, हात धुणं, आवरणं हे तिन्ही जूनसारखेच करून दाखवा, दुसऱ्या दिवशी मुलांकडूनच करवून घ्या. दिवाळीनंतरही हेच. मार्चमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची झाली तर मात्र क्रमच बदलतो, डबा आधी आणि खेळ नंतर येतो. तेव्हा दोरीवरची कार्डं आदल्या दिवशी मुलांच्या देखत हलवा.