चार पिनचा फॅन तीन पिनच्या मदरबोर्डवर चालेल का?

चालेल, बिनधास्त लावा. तुमच्या प्रश्नात जपायची गोष्ट ती नाहीच. फॅनमधून जी दुसरी वायर निघाली आहे आणि 'ही कुठे लावू' असं तुम्ही शेवटी सहज विचारलंय, ती आहे. तिच्याकडे येतोच.

आधी पिना. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा मागचा फॅन घरघर करतोय म्हणून तुम्ही 120 मिमीचा नवा आणलात, त्याच्या प्लगला चार भोकं आणि जुन्या बोर्डवर तीनच पिना. पहिल्या तीन दोन्हीकडे त्याच असतात: ग्राउंड, 12 व्होल्ट आणि फॅन किती वेगाने फिरतोय हे बोर्डला कळवणारी. चौथी पीडब्ल्यूएमची, म्हणजे वेग कमीजास्त करणारी. ती नाही मिळाली तर फॅन पूर्ण 12 व्होल्टवर जोरात फिरतो, किंवा बोर्डमध्ये सोय असेल तर बोर्ड व्होल्टेज उतरवून त्याला हळू करतो. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगांत, फॅनचं सेटिंग एकदा बघून घ्या. व्होल्टेज फार खाली मात्र नेऊ नका, बरेच फॅन पाच-सहा व्होल्टच्या खाली सुरूच होत नाहीत.

प्लग हातात घेऊन बघा. त्याच्या एका अंगाला दोन बारीक उभे कंगोरे आहेत. बोर्डवरच्या पिनांमागे प्लास्टिकची एक पट्टी उभी असते, ती बरोबर या दोन कंगोऱ्यांच्या मधे बसते. तसं धरलंत की चौथं भोक आपोआप बाहेर राहतं. जोर लावावा लागला तर समजा की उलटं धरलंय.

जुना प्लग कापून नव्या फॅनला जोडायचा विचार असेल तर सोडा, निदान वायरचे रंग बघून तरी नकोच. तीन वायरच्या पुष्कळ फॅनमध्ये लाल 12 व्होल्टची आणि पिवळी वेग कळवणारी असते. चार वायरच्या फॅनमध्ये पिवळीच 12 व्होल्टची आणि वेगाची हिरवी. हल्ली तर चारही काळ्याच देतात.

आता ती दुसरी वायर. ती लाइटची. चार जागांपैकी एक बुजवलेली आणि भोकं तीनच असतील तर ती 5 व्होल्टची एआरजीबी, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलता येणारी. सलग चार भोकं असतील तर 12 व्होल्टची साधी आरजीबी, म्हणजे सगळे दिवे एकाच रंगात बदलणारी. पाचवाली बाराच्या पिनांवर बसवलीत तर लाइट जळतील, आणि दुकानदार ते वॉरंटीत धरेल अशी आशा ठेवू नका. ही वायर फॅनच्या तीन पिनांवर बसते का हेही करून बघू नका, तिथे 12 व्होल्ट आहेत. तुमच्या बोर्डवर फॅनलाच तीन पिना आहेत, तेव्हा एआरजीबीची जागा बहुधा नसेलच. वायर मोकळी सोडून टायने बांधून टाका, फॅन फिरायला तिची गरज नाही. लाइट हवेच असतील तर एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) साटा वायरवर, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवर चालणारा छोटा कंट्रोलर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन बघा.

तुमचा पीसी असेंबल्ड आहे म्हणून हे इतकं सरळ आहे. ब्रँडेड डेस्कटॉपचं वेगळं. डेलच्या काही मॉडेलांत पाच पिनचा त्यांचा स्वतःचा कनेक्टर असतो, तिथे बाजारातला फॅन थेट बसत नाही.

बसवताना दिशा बघा. ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या दांड्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागच्या फॅनची ती बाजू कॅबिनेटच्या बाहेर तोंड करून हवी. फॅनचे जाड स्क्रू नव्या प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत जातात, त्यामुळे पहिल्यांदा चांगलेच घट्ट लागतात. दाब देऊन फिरवा, आणि चारही थोडे थोडे लागल्यावरच शेवटचे आवळा.

वेग बायोसमध्ये शून्य दिसला पण पाती फिरत असली, तर प्लग अर्धवट बसलाय का तेवढं बघा.