रात्री कडी लावताना छातीत धडधडतं

प्रश्न: ताई, मी ६८ वर्षांची, दादरला वन रूम किचनमध्ये एकटी राहते. हे जाऊन दोन वर्षं झाली. दिवस बरा जातो पण रात्री दाराला कडी लावली की धडधडायला लागतं, झोपेत काही झालं तर कळणार कधी कोणाला? मुलगा म्हणतो ठाण्याला ये. शेजारचे भावजी विधुर, ७५ चे, रात्रभर टीव्ही लावून झोपतात आणि म्हणतात मला कसली आलीय भीती. बायकांनाच मरणाची भीती जास्त असते का? मुलाकडे गेले तर जाईल का ती?

उत्तर: काकू, आधी डॉक्टरांना दाखवून या. बीपी, थायरॉइड, ईसीजी बघून घ्या, सगळी धडधड मनाचीच असते असं नाही.

आता बायकांचं. टेम्पलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मरणाची भीती मोजायला १५ वाक्यांची प्रश्नावली काढली, खरं की खोटं एवढंच सांगायचं, आणि अशा अभ्यासांत बायकांचा स्कोअर बऱ्याचदा जास्त येतो. पण त्यात मोजलं जातं ते माणूस तोंडाने कबूल करतो तेवढंच ना! तुमच्या भावजींनी प्रत्येक वाक्याला ‘मला भीती नाही’ असंच निघेल ती टिक केली असती आणि घरी जाऊन टीव्ही लावला असता.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, त्यात मरणाची भीती मला फारशी दिसलीच नाही, दिसली ती कोणाला न कळता पडून राहण्याची, आणि ती तर दाराच्या कडीत आहे. आतली कडी बाहेरून उघडत नाही. म्हणून सुताराला बोलवून बाहेरून चावीने उघडणारं लॅच बसवा, रात्री कडी लावूच नका, एक चावी समोरच्या वहिनींकडे ठेवा, आणि त्यांना सांगून ठेवा की सकाळी आठपर्यंत दुधाची पिशवी दाराला लटकलेलीच दिसली तर बेल मारायची. भावजींच्या पिशवीवर तुम्ही लक्ष ठेवा, ते नको म्हणतील, तरी ठेवा.

राहता राहिलं ठाणं. तिथे रात्री घर भरलेलं असेल हो, पण सून-मुलगा ऑफिसला, नात क्लासला, मग दिवसभर तुम्ही सतराव्या मजल्यावर कोणाशी बोलणार? कॅरल रिफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये मनाच्या स्वास्थ्याच्या सहा बाजू मांडल्या, त्यात जवळची माणसं आहेतच पण स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि आजूबाजूचा कारभार आपल्या हातात असणं हेही आहे. दादरला भाजीवाला तुम्हाला ओळखतो, भजनाला नाही गेलात तर फोन येतो, हे सोडून जाताना दहादा विचार करा. महिनाभर राहून बघा, मुलालाही बरं वाटेल, पण एवढ्यात घर भाड्याने देऊन टाकू नका. आणि रात्री फारच घाबरं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवून ठेवा.