तुरुंग ठेक्याने दिला तर?

प्रश्न : कचऱ्यापासून टोलनाक्यापर्यंत सगळं ठेक्याने जातं. मग गच्च भरलेले तुरुंगच कंपन्यांना का देऊ नयेत? परदेशात देतात म्हणे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : देतात, आणि त्याचा एक फायदा खरा आहे. कैदी दिवसाला किती तास कोठडीबाहेर राहील, मारामाऱ्या किती झाल्या, किती जणांना काम मिळालं, हे सगळं करारात मोजमापासह लिहिता येतं आणि चुकलं की बिलातून पैसे कापता येतात. सरकार स्वतःच्या तुरुंगाला असा दंड कधी करत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ साली वोल्ड्सचा पहिला खासगी तुरुंग सुरू झाला, तेव्हा कंपनीवर नजर ठेवायला आत सरकारी नियंत्रक बसवला होता.

घोडं अडतं ते बिल ठरवताना. अमेरिकेत बहुधा माणशी दर दिवसाला ठरतो. बांधकामाचं कर्ज फेडायचं म्हणून कंपनी किमान इतक्या जागांचे पैसे मिळतीलच, त्या भरोत वा न भरोत, अशी हमी मागते, आणि काही करारांत ती ८० ते १०० टक्के असते. समजा, ५०० जागांचा तुरुंग, हमी ९० टक्के, दर ६०० रुपये. आत ३८० जण असले तरी बिल ४५० जणांचं. म्हणजे रिकाम्या ७० खाटांचे रोज ४२,००० रुपये, वर्षाला सुमारे १ कोटी ५३ लाख. गुन्हे कमी झाले तर सरकारचं नुकसान! असा करार कोण शहाणा करेल?

बचत होते ती मुख्यतः पगारात. पगार कमी म्हणून शिपाई टिकत नाहीत, आणि बॅरेकमध्ये कोणाचं कोणाशी वैर आहे हे नव्या माणसाला कळायला काही महिने जातात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ साली तुलना केली, तेव्हा सुरक्षेच्या बहुतेक बाबतींत माणशी घटना ठेक्याच्या तुरुंगांतच जास्त निघाल्या. दर स्वस्त दिसला तर आधी विचारावं : आजारी आणि धोकादायक कैदी कोणाकडे ठेवलेत? ते सरकारकडेच राहिले असतील, तर ती तुलनाच खोटी.

प्रश्न : आपल्याकडे कायद्याने हे जमेल का? गर्दी तरी कमी होईल?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे आधी कायदा विधिमंडळात करावा लागेल आणि तो कोर्टात टिकावा लागेल. इस्रायलमध्ये २००९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा रद्द केला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती माणसाचं स्वातंत्र्य देणं, हाच आक्षेप होता. फ्रान्सने १९८७पासून मधला मार्ग धरलाय : जेवण, धुलाई, दुरुस्ती कंपनीकडे आणि किल्ल्या सरकारकडे. आपल्याला झेपला तर तोच झेपेल.

गर्दीचं म्हणाल तर २०२२ अखेर देशात ४,३६,२६६ जागांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांतले चारांत तीन कच्चे कैदी. त्यांची खरी अडचण तारखेची आणि जामिनाची, खाटेची नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की तुरुंग अधीक्षकानेच कोर्टात अर्ज करायचा असतो. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल, किंवा एकाहून जास्त खटले असतील, तर ही सवलत नाही. आता माणशी रोजावर चालणारी कंपनी हा अर्ज किती घाईने करेल?

सोलापूरला ही कल्पना तशी अगदीच नवी नाही. इंग्रजांनी कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इथल्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारेआड ठेवलं, एका टप्प्यावर व्यवस्था मिशनकडे सोपवली, आणि आतली माणसं गिरण्यांत कामाला जात. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला. वस्तीचं नाव मात्र अजून सेटलमेंटच आहे.

प्रश्न : करार फसला तर तुरुंग परत घेता येतो?
– एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : येतो, पण तसं कलम करारात आधीच हवं. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचा तुरुंग २०११ साली १५ वर्षांच्या करारावर कंपनीला दिला होता. २०१६च्या डिसेंबरात तिथे मोठी दंगल झाली आणि ऑगस्ट २०१८मध्ये सरकारने ताबा घेतला. घेताना सरकारी अधिकारी आणि ३० अनुभवी कर्मचारी आत पाठवले, शिवाय सुमारे ३०० कैद्यांची जागा कमी केली. एवढी माणसं आणि दुसरीकडे तेवढी रिकामी जागा हाताशी नसेल, तर ते कलम कागदावरच राहतं.