राजीनामा दिवाळीत नको, पेरणी झाल्यावर द्या

प्रश्न: मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या विक्री विभागात आहे. माझ्या हातात 60 हजार येतात, पत्नी शिक्षिका आहे, तिला 25 हजार मिळतात. गृहकर्जाचा हप्ता धरून घरखर्च 55 हजार. बचत 14 लाख, पीएफ वेगळा. ऑर्डर, उधारी आणि हंगामानंतर परत येणारा माल प्रतिनिधीला दुकानातूनच मोबाइलवर नोंदवता येईल, असं सॉफ्टवेअर मला काढायचं आहे. दिवाळीला राजीनामा देऊन जानेवारीत बाहेर पडेन आणि दोन डेव्हलपर ठेवेन. पैसे कमी पडले तर अंबडजवळची वडिलांची 4 एकर गहाण ठेवावी का?

उत्तर: जमिनीला हात लावू नका. प्रायव्हेट लिमिटेड काढली तरी बँक तुमची वैयक्तिक हमी मागेल, आणि धंदा बसला तर त्याचा भार वडिलांवर येईल. माझं हे मत बदलणार नाही.

तुमची कल्पना मात्र मला पटली आहे. परत आलेल्या मालाचा हिशेब जुळवताना कंपनी आणि दुकानदार दोघंही मेटाकुटीला येतात, आणि ते तुम्ही रोज पाहता. अडचण आहे ती तारखेची.

14 लाखांतले 2 लाख विमा आणि अडीअडचणीसाठी बाजूला काढा. उरले 12. तुमचा पगार थांबला की घराला दरमहा 30 हजार कमी पडतील. दोन डेव्हलपरचे 70 हजार, सर्व्हर, प्रवास आणि सीएचे 20 हजार धरले तर महिन्याला 1 लाख 20 हजार जातील. जानेवारीत बाहेर पडलात तर नोव्हेंबरच्या आसपास खातं रिकामं होईल. आता हंगाम बघा. सॉफ्टवेअर उभं राहीपर्यंत एप्रिल उजाडेल. तोवर खरिपाचं बुकिंग रंगात आलेलं असतं, त्या गडबडीत कुठलीही कंपनी नवी पद्धत लावणार नाही. रब्बीत हरभऱ्याचं काम असतं, पण मोठा पैसा कापूस-सोयाबीनचाच. म्हणजे पुढच्या खरिपाची बोलणी सुरू व्हायच्या तोंडावर तुमच्याकडे पैसे नसतील.

म्हणून जूनअखेर, पेरणी उरकल्यावर राजीनामा द्या आणि ऑगस्टअखेर बाहेर पडा. तोवर दरमहा 30 हजारांप्रमाणे 3 लाख साठतील. या नोकरीला तुम्हाला सव्वाचार वर्षं झाली आहेत असं तुम्ही कळवलंय. 5 वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेबद्दल कंपनी देते ती रक्कम, मिळते; तुमच्या 36 हजारांच्या बेसिकवर (मूळ पगारावर) साधारण 1 लाख 4 हजार. सलग 5 वर्षांआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. तसाही पीएफ मोडू नकाच, तो खात्यात राहू द्या. डेव्हलपर एकच ठेवा. मग महिन्याचा खर्च 85 हजारांवर येतो आणि 12 लाख, हे 3 लाख आणि ग्रॅच्युइटी मिळून होणारे 16 लाख अठरा महिने पुरतात. त्यात एक पूर्ण खरीप बसतो आणि त्यापुढच्या बुकिंगची सुरुवातही.

वडिलांना मधुमेह आहे आणि ते कंपनीच्या आरोग्य विमा पॉलिसीत आहेत, असंही तुम्ही कळवलंय. नोकरी सुटली की ते संरक्षण जाईल. त्यांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्या, कारण जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. ती जितकी लवकर सुरू होईल तितकं बरं. तुमचा टर्म इन्शुरन्सही पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर कोडची एक ओळही लिहू नका, आणि दुकानदारांची यादी सोबत नेऊ नका. नेमणूकपत्रातली गोपनीयतेची आणि तयार केलेल्या कामाच्या मालकीची कलमं वकिलाला दाखवा.

पैसे मासिक घेऊ नका, हंगामाचे आगाऊ घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सुरुवातीलाच करा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल कायद्यातल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत, चुकतं केलं नाही तर ग्राहक कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात वजा करता येतो, त्याआधी नाही. उधारीवर चालणाऱ्या या व्यवसायात वसुलीसाठी हे कलम तुमच्या बाजूने उभं राहील.

बाहेर पडल्यावर जानेवारीअखेर निदान दोन कंपन्यांनी आगाऊ पैसे भरलेले असावेत. नसतील तर त्याच महिन्यात नोकरीसाठी अर्ज टाकायला लागा, तेव्हाही तुमच्याकडे जवळजवळ 12 लाख शिल्लक असतील.