गुबगुबीत अक्षरं कुठे शोभतात?

प्रश्न : आमच्या बालवाचनालयाच्या पत्रकासाठी मी जाड, गोल टोकांचा फॉन्ट निवडला. शीर्षक छान दिसतं, पण खालचा मजकूर वाचवत नाही. चूक फॉन्टची की माझी?

उत्तर : तुमची, पण माफ करण्याजोगी. मीही एकदा अख्खी आमंत्रणपत्रिका असल्या अक्षरांत रचली होती. छापून आल्यावर ‘घ’ आणि ‘ध’ ओळखायला मलाच चष्मा पुसावा लागला!

अक्षर जाड झालं की आतली पोकळी आक्रसते. त्यात देवनागरीतल्या गाठी, रफार, अनुस्वार. आकार लहान केला की हे सगळं एकमेकांत मिसळतं. टोकं नुसती घासून गोल केली की रेघ आखूड भासते, म्हणून जाणकार रचनाकार ती किंचित लांबवतो आणि सांधे बारीक करतो. साध्या अक्षराला संगणकावर जाड गोल किनार चढवणं म्हणजे हा फॉन्ट नव्हे, ती सूज.

‘व्हीएजी राउंडेड’ हा असाच गोल टोकांचा फॉन्ट १९७९ मध्ये फोक्सवागनसाठी तयार झाला. गाड्यांसाठी घडलेलं हे अक्षर पुढे अ‍ॅपलच्या कळफलकांवर अनेक वर्षं दिसलं. एकेका कळीवर एकच अक्षर, भोवती भरपूर मोकळी जागा. अशा ठिकाणी ते खुलतं. देवनागरीत ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ बघा, मोफत आहे.

शीर्षक आहे तसंच ठेवा. मजकुराला सडपातळ, साधा फॉन्ट द्या.